संसर्ग रोखताना या चुका टाळा: जंतूची वाट एकीकडे, पहारा दुसरीकडे

घरात कुणी आजारी पडलं की धावपळ ठरलेली असते. सॅनिटायझरची बाटली पुढे येते, सगळ्यांच्या तोंडावर मास्क चढतात, फरशीवर उग्र वासाचं काहीतरी ओतलं जातं. आजार गोवर असो, उलट्या-जुलाब असोत की डेंगी, तयारी तीच. मेहनत भरपूर होते, पण बरीचशी वाया जाते. गोवराचा विषाणू हवेतून येतो, उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस हातांवरून तोंडात जातो आणि डेंगी डासाच्या सोंडेतून येतो. डेंगीच्या रुग्णापासून चार हात लांब बसून काही साधत नाही. त्याला मच्छरदाणीत ठेवलं तर साधतं, कारण त्याला चावलेला डास काही दिवसांनी दुसऱ्याला चावून तो आजार पुढे नेतो.

म्हणून कामाला लागण्याआधी एकच प्रश्न विचारा: हा जंतू रुग्णाच्या शरीरातून कुठून बाहेर पडतो आणि दुसऱ्याच्या शरीरात कुठून शिरतो? तेवढं कळलं की निम्मी साफसफाई आपोआप गळते आणि उरलेली नेमकी होते.

पुरळ दिसल्यावर वेगळं ठेवणं

गोवराचा रुग्ण अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते पुरळ उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत इतरांना संसर्ग देऊ शकतो. रुग्ण खोलीतून निघून गेला तरी विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. म्हणजे पुरळ दिसल्यावर खोलीचं दार लावलं तोवर घरातल्यांचा संपर्क होऊन गेलेला असतो. दार लावायचंच, पण ज्यांना लस मिळालेली नाही त्यांच्याबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होऊ शकतो. लहान बाळं, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांसाठी मार्ग वेगळा असतो, तो डॉक्टरच ठरवतील. फ्लूचंही असंच आहे, लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून तो पसरू लागतो.

सॅनिटायझर सगळ्याला चालतं असं समजणं

अल्कोहोल काही विषाणूंवर झपाट्याने काम करतं. फ्लू आणि करोना यांच्याभोवती मेदाचं आवरण असतं, ते अल्कोहोलने फुटतं. नोरोव्हायरसला असं आवरणच नाही, त्यामुळे तिथे सॅनिटायझर लंगडं पडतं. जिवाणूंच्या बीजाणूंवरही, म्हणजे काही जिवाणू तगून राहण्यासाठी जे कडक कवचाचं रूप घेतात त्यावरही, त्याचा इलाज नाही. उलट्या-जुलाबांच्या आजारात साबण आणि पाणी हवं. तिथे जंतू मारला जात नसला तरी चोळून सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो.

सॅनिटायझर घ्यायचंच तर त्यात अल्कोहोल निदान ६० टक्के असावं. शंभर टक्के जास्त जोरदार असेल हा समज मात्र चुकीचा. जंतूची प्रथिनं बिघडवायला थोडं पाणी लागतं आणि निव्वळ अल्कोहोल काम होण्याआधीच उडून जातं, म्हणून ७० ते ८० टक्क्यांचं जास्त चांगलं. ओल्या हातांवर घेतलं की ते पातळ होतं. चिखल, रक्त, तेल लागलेल्या हातांवर ते पोचतच नाही. तळहात भरेल एवढं घ्या आणि २० ते ३० सेकंद, म्हणजे हात पूर्ण वाळेपर्यंत चोळा. दोन थेंब घेऊन तळव्यांवर फिरवलं तर बोटांची टोकं कोरडीच राहतात, आणि तोंडाकडे सगळ्यात आधी तीच जातात.

साबणाने धुताना भिजवण्यापासून पुसण्यापर्यंत ४० ते ६० सेकंद लागतात. सुटणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: अंगठे, बोटांची टोकं, बोटांच्या बेचक्या. अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवायचा, टोकं तळहातावर घासायची. मळलेल्या हाताने उघडलेला नळ धुतलेल्या हाताने बंद केला तर फेरा पुन्हा सुरू होतो. नळ कागदी रुमालाने किंवा कोपराने बंद करा. रुग्णाचा टॉवेल वेगळा ठेवा.

ब्लीच अंदाजाने ओतणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ‘दोन झाकणं बादलीत’ हे प्रमाण नाही. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइटची, म्हणजे ब्लीचमधल्या जंतू मारणाऱ्या रसायनाची, टक्केवारी लिहिलेली असते, ती वाचा. हिशोब सोपा आहे: बाटलीतल्या टक्क्यांना हव्या असलेल्या टक्क्यांनी भागा आणि एक वजा करा. येईल तितके भाग पाणी, एक भाग ब्लीच.

बाटली ५ टक्क्यांची असेल आणि रोजच्या पृष्ठभागांसाठी ०.१ टक्का द्रावण हवं असेल, तर ५० वजा १, म्हणजे ४९ भाग पाणी. एक लिटरला २० मिलि ब्लीच आणि ९८० मिलि पाणी. रक्त, उलटी, विष्ठा यांसाठी ०.५ टक्के हवं, तिथे १०० मिलि ब्लीच आणि ९०० मिलि पाणी. बाटली ४ टक्क्यांची असेल तर ०.५ टक्क्यासाठी एका भागाला सातच भाग पाणी. ३५ टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर ०.५ टक्क्यासाठी लिटरला साधारण १४ ग्रॅम पुरते.

प्रमाण बरोबर असूनही द्रावण काम करत नसेल तर कारण बहुधा पुढच्यांपैकी एक असतं.

गरम पाण्यात कालवलं: उष्णतेने हायपोक्लोराइट विघटित होतं, साधं थंड पाणी घ्या.

कालचं वापरलं: पातळ केलेलं द्रावण दिवसभरात वापरून संपवा आणि उद्यासाठी नवं करा. मूळ बाटलीही उन्हात राहिली किंवा खूप जुनी झाली की कमजोर होते.

मळावरच ओतलं: क्लोरीन समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थावर खर्च होतो. विष्ठेच्या थरावर ओतलेलं ब्लीच त्या थरातच संपतं आणि खालच्या जंतूंपर्यंत पोचत नाही. आधी मळ काढा, साबणपाण्याने धुवा, मगच ब्लीच.

लावून लगेच पुसलं: ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहिला पाहिजे. मधेच वाळला तर पुन्हा ओला करा. घड्याळ लावून एकदा बघा, दहा मिनिटं किती लांब असतात ते कळतं.

एक चूक मात्र जिवावर बेतते. ब्लीचमध्ये शौचालय साफ करायचं ॲसिड मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया असलेलं क्लीनर मिसळलं की क्लोरामाइन. बंद बाथरूममध्ये या दोन्ही वायूंनी फुफ्फुसं भाजतात. एका वेळी एकच रसायन, आणि दोन वापरांच्या मधे भरपूर पाणी. माणसांच्या अंगावर ब्लीच फवारणं तर निव्वळ अपाय आहे, डोळे आणि त्वचा जळते आणि शरीरातला जंतू तसाच राहतो.

उलटी झटकन पोछ्याने पुसणं

नोरोव्हायरसचे जेमतेम काही डझन कण पोटात गेले तरी आजार होऊ शकतो, आणि उलटी होताना बारीक थेंब चांगले लांबवर उडतात. ओला पोछा फिरवला की डाग जातो, पण विषाणू पातळ होऊन खोलीभर सारवला जातो. तोच पोछा मग पुढच्या खोलीत जातो.

आधी बाकीच्यांना बाहेर काढा आणि खिडकी उघडा. हातमोजे, मास्क, जमल्यास एप्रन घाला. उलटीवर जाड कागद किंवा जुनं कापड टाकून ती शोषू द्या. मग कडेकडून मध्याकडे गोळा करा. मधून बाहेर ढकललं की डाग पसरतो. गोळा केलेलं पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. जागा साबणपाण्याने धुवा. त्यानंतर ०.५ टक्के ब्लीच, दहा मिनिटं, मग साधं पाणी. फक्त दिसणारा डाग पुरेसा नाही, भोवतीचा निदान दोन मीटरचा घेर घ्या. त्यात खुर्चीचे पाय, दाराची मूठ आणि कमोडची कळ सापडेल. धातूवर ब्लीच राहिलं तर गंज चढतो, म्हणून शेवटचं पाणी टाळू नका.

व्हॅक्युम क्लीनर लावू नका, तो सगळं हवेत उडवतो. चादर झटकू नका, आतल्या बाजूला गुंडाळून सरळ मशीनमध्ये टाका आणि ६० अंश सेल्सियस किंवा त्याहून गरम पाण्यात धुवा. उलट्या-जुलाब थांबल्यानंतर पुढचे ४८ तास त्या माणसाने इतरांसाठी स्वयंपाक करू नये आणि शाळा-कामावरही जाऊ नये.

हातमोजे म्हणजे चिलखत

हातमोजा घातलेल्या हाताने फोन उचलला, चष्मा सरकवला, दार उघडलं, की हातमोजा जंतू वाहून नेणारं फडकं होतो. त्याची खरी परीक्षा तो काढताना होते. एका हाताने दुसऱ्या हाताचा मोजा मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरा, त्वचेला स्पर्श होऊ देऊ नका. खाली ओढत उलटा करा आणि मोजा असलेल्या मुठीत गोळा करून ठेवा. आता मोकळ्या हाताचं बोट दुसऱ्या मोज्याच्या आत, मनगट आणि रबर यांच्यामध्ये सरकवा आणि तोही उलटा करत पहिल्यावरून ओढा. आतलं बाहेर आलेला एकच गोळा हातात राहतो. तो टाकायचा आणि हात धुवायचे. मोज्यांना डोळ्याला न दिसणारी भोकं असू शकतात आणि काढताना मनगटाला डाग लागतो, म्हणून धुणं चुकवायचं नाही.

चष्मा, एप्रन आणि मास्कही असेल तर आधी हातमोजे, मग चष्मा, मग एप्रन, आणि मास्क सगळ्यात शेवटी, मागच्या दोऱ्या धरून. गरम होतं म्हणून मास्क आधी उतरवतात आणि मळलेल्या मोज्यांनीच चेहऱ्याला हात लागतो.

मास्क घट्ट, खोली बंद

एन-९५ मास्क कडेने हवा सोडत असेल तर त्यातलं कापड कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही, कारण हवा सोपी वाट शोधते. दाढीवर तो बसत नाही. नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबा आणि जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे झुळूक लागली तर पुन्हा बसवा. झडप असलेला मास्क घालणाऱ्याला वाचवतो, पण त्याचा उच्छ्वास इतरांवर तसाच सोडतो, म्हणून रुग्णाला तो देऊ नका.

पंखा आणि बहुतेक घरगुती एसी तीच हवा फिरवतात. खोलीतली हवा तासाला सहा वेळा बदलत असेल तर रुग्ण निघून गेल्यावर हवेतले ९९ टक्के कण जायला सुमारे ४६ मिनिटं लागतात. दोनदाच बदलत असेल तर १३८ मिनिटं. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या की हा काळ झपाट्याने घटतो.

सुई, उंदीर, डास

वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका, टोचण्याचे बरेचसे प्रकार तिथेच घडतात. न फुटणाऱ्या जाड डब्यात टाका आणि डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करा. टोचलीच तर जखम पिळू नका, ब्लीच लावू नका, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं. रक्त वाळलंय म्हणून निर्धास्त राहू नका, हिपॅटायटिस बी विषाणू वाळलेल्या पृष्ठभागावर निदान सात दिवस टिकतो.

बंद पडलेल्या खोलीत उंदरांच्या लेंड्या दिसल्या की झाडू घेऊ नका, त्या धुळीतून हँटाव्हायरस श्वासात जाऊ शकतो. अर्धा तास दारंखिडक्या उघड्या ठेवा, लेंड्यांवर जंतुनाशक शिंपडून पाच मिनिटं भिजवा, मग कागदाने उचला.

डासांच्या बाबतीत पिंपातलं पाणी ओतून टाकणं अर्धंच काम. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात, पाणी भरलं की पुन्हा उबतात. आठवड्यातून एकदा आतली बाजू ब्रशने घासा.

सगळं करूनही दुसरा आजारी पडला तर

वेळा लिहून ठेवा, कारण चूक कुठे झाली ते त्या सांगतात. नोरोव्हायरस शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण १२ ते ४८ तास लागतात. दोघांना एकाच दुपारी दोन-तीन तासांच्या अंतराने उलट्या सुरू झाल्या असतील, तर एकाने दुसऱ्याला दिलं नाही. दोघांनी एकाच ठिकाणाहून घेतलं, तेव्हा अन्न आणि पाणी तपासा. दुसऱ्याला एक-दोन दिवसांनी सुरू झालं तर बहुधा पहिल्याकडून आलं, तिथे शौचालय, नळ, टॉवेल आणि उलटी साफ करणाऱ्याचे हात बघा. आणि पहिला ठणठणीत बरा होऊन आठवडा झाल्यावर तिसरा पडला, तर बऱ्या झालेल्याकडेही बघायला हवं. त्याच्या शौचातून विषाणू दोन आठवडे किंवा जास्तही बाहेर पडू शकतो, म्हणून तोवर त्याचं साबणाने हात धुणं ढिलं पडू देऊ नका.