लेखकाच्या भाषेतली मुलखाची ओढ कशी वाचावी

लेखकाचे आपल्या मुलखावरील प्रेम त्याच्या भाषेत कसे उतरले आहे, यावर लिहायचे असेल तर प्रथम विशेषणे बाजूला ठेवून नामे आणि क्रियापदे वेचावीत. ‘निसर्गरम्य’, ‘टुमदार’ ही विशेषणे कोणत्याही गावाला चिकटतात (रसग्रहणाच्या उत्तरपत्रिका त्यांनीच भरलेल्या असतात). ‘झाडाखाली मेंढ्या उभ्या होत्या’ हे वाक्य रस्त्याने जाणाराही लिहील. पण ‘बाभळीच्या विरळ सावलीत मेंढरे एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी खुपसून उभी होती’ असे लिहिणाऱ्याने ते ऊन सोसलेले असते. झाडाची जात, सावलीची विरळता आणि जनावराची सवय या तिन्हींतून उन्हाचा उल्लेखही न करता ऊन कळते, आणि जिव्हाळाही कळतो.

सरावासाठी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही कादंबरी घ्यावी. माण नदीच्या खोऱ्यातला अवर्षणप्रवण माणदेश आणि औंध संस्थानातली धनगरांची वाडी तिच्यात आहे. निवेदक हा बाहेरून आलेला तरुण शाळामास्तर आहे, त्यामुळे निवेदनाची भाषा आणि वाडीतल्या माणसांची बोली वेगळी राहते. वाचताना या दोहोंखाली वेगवेगळ्या रंगांच्या पेन्सिलींनी रेघा ओढाव्यात आणि बोलीतले शब्द निवेदनात कोठे शिरतात, तेथे खूण करावी. मास्तर वाडीचा किती झाला, हे अशा जागांवरून तपासता येते.

बोली वापरली म्हणजे आपुलकी आली, असे मात्र समजू नये. गावंढळ माणसाला हसण्यासाठीही बोली सर्रास वापरली जाते. म्हणून प्रसंग विनोदी असेल तर हसू कोणाच्या अंगावर जाते, ते पाहावे.

यानंतर मुलखाच्या उण्या बाजूकडे वळावे. ‘बनगरवाडी’च्या अखेरीस दुष्काळाने वाडी उठते. अशा भागात वाक्ये आखूड होतात की पसरतात, लेखक दुःखाचे नाव घेतो की नुसत्या हालचाली टिपतो, याची नोंद करावी. माझ्या मते खऱ्या ओढीची कसोटी येथेच लागते, कारण गावाचे दारिद्र्य झाकणारा लेखक बहुधा स्वतःच्या आठवणींवरच प्रेम करत असतो.

लिहिताना प्रत्येक विधानाला मूळ वाक्याचा आधार द्यावा आणि उतारा दहा-बारा ओळींचाच निवडावा. सबंध कादंबरी हाती घेतली की कथानक सांगण्यातच पाने संपतात.