प्रार्थना, वचन आणि उपास: रोजच्या जगण्यात आत्मिक शिस्त कशी लावायची

आत्मिक शिस्त म्हटलं की बऱ्याच विश्वासणाऱ्यांना टेन्शनच येतं, कारण डोळ्यासमोर येतं ते पहाटे चारला उठणं, वर्षभरात अख्खं बायबल, आठवड्याला एक उपास आणि हे सगळं येत्या सोमवारपासून एकदम. असं करू नका प्लीज. एकच गोष्ट धरा, ती अंगवळणी पडू द्या, मग दुसरी. आणि त्याआधी एक मनात पक्कं करा की यातून तारण, म्हणजे पापापासून सुटका, कमवायचं नाहीये, ते देवाच्या कृपेनेच मिळालंय, बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौलाने ते अगदी स्पष्ट लिहिलंय. तोच पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, सुभक्तीची कसरत करायला सांगतो, पण ती आधीच देवाचं लेकरू असलेल्या माणसाला सांगतो, लेकरू होण्यासाठी नाही. हे डोक्यात नसेल ना तर शिस्तीचं ओझं होतं, चार दिवस जमलं की गर्व आणि पाचव्या दिवशी चुकलं की अपराधीपणा.

सुरुवात वेळ आणि जागा ठरवण्यापासून करा. मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय नीट वाचा. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलेलं, येशू आजाऱ्यांना बरं करतोय, आणि दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठून एकांतात प्रार्थनेला जातो. त्याचा शिष्य शिमोन शोधत येतो, म्हणतो सगळे तुम्हाला शोधताहेत, आणि येशू म्हणतो चला, दुसऱ्या गावांत जाऊ. म्हणजे लोकांची मागणी एक होती आणि त्याने केलं दुसरंच, आणि ते ठरलं ते देवबापाजवळ बसून. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. दिवसाच्या मागण्या कानावर यायच्या आधी देवाशी बोलणं झालेलं असलं की कशाला हो म्हणायचं नि कशाला नाही हे कळायला लागतं. म्हणून शक्यतो सकाळी, आणि मोबाईल उघडायच्या आधी. बायबल मोबाईलमध्येच असेल तर नोटिफिकेशन बंद करा, किंवा सरळ छापील प्रत घ्या, ते जास्त सोपं जातं. रात्रपाळी असेल, लहान बाळ असेल तर दुपारी बसा की, बायबलमधला दानीएल दिवसातून तीनदा प्रार्थना करायचा, सकाळच पवित्र असं कुठेही लिहिलेलं नाही. दहा मिनिटं पुरेत, पण रोज तीच वेळ नि तीच खुर्ची.

आता बसल्यावर करायचं काय? नवीन माणसाला मी नेहमी बायबलमधल्या स्तोत्रांपासूनच सुरू करायला सांगते, कारण तिथे वाचन आणि प्रार्थना एकत्रच आहे, वेगळे शब्द शोधावे लागत नाहीत. एकूण 150 स्तोत्रं आहेत, तर आजची तारीख घ्या आणि तीस तीस मिळवत जा. 7 तारीख असेल तर 7, 37, 67, 97 आणि 127. पाचांवरून नजर फिरवा आणि मनाला भिडेल ते एक घ्या. 31 तारखेला 119 मधला एखादा भाग, ते खूप मोठं आहे, 176 वचनं. यात सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे मागे पडायचा प्रश्नच येत नाही, आठवडा चुकला तरी आजची तारीख काढायची की झालं, बॅकलॉग नाही.

निवडलेलं स्तोत्र हळू वाचायचं, ओठ हलवून. 12 व्या शतकात ग्विगो नावाच्या एका मठवासीयाने याच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्यात: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवासमोर नुसतं शांत राहणं. उदाहरणार्थ स्तोत्र 13 घ्या. सुरुवातीलाच दावीद विचारतो, परमेश्वरा, कुठवर? मला कायमचा विसरणार का? इथे थांबा, घाईने शेवटच्या स्तुतीकडे पळू नका. तुमचं स्वतःचं 'कुठवर' काय आहे? नोकरी, आजारपण, घरातलं न मिटणारं भांडण, जे असेल ते नाव घेऊन देवाला सांगा, अगदी रडून सांगितलं तरी चालतं, शास्त्रातच तसं आहे. मग शेवटची दोन वचनं वाचा, जिथे तो देवाच्या दयेवर भरवसा ठेवतो. परिस्थिती बदलल्याचं तिथे कुठेही म्हटलेलं नाही हे लक्षात घ्या. तुम्हाला आज तेवढा भरवसा वाटत नसेल तर तेही देवाला सांगा आणि दोन मिनिटं गप्प बसा.

मन भटकणार, सगळ्यांचं भटकतं. बिल भरायचं राहिलंय असं आठवलं तर बाजूच्या कागदावर लिहा आणि परत या. पण तोच तोच माणूस किंवा तीच भीती पुन्हा पुन्हा मनात येत असेल तर तिला हाकलू नका, त्याचीच प्रार्थना करा, बहुतेक वेळा बोलायचं तेच असतं.

हे रुळलं की रात्रीची पाच मिनिटं जोडा. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नाती लोयोला याने 16 व्या शतकात शिकवलेली पद्धत आहे, दिवस देवासमोर मागे वळून पाहायचा: कशाबद्दल आभार, कुठे चुकलं, कोणाला दुखावलं, उद्या कुठे मदत लागणार. क्षमा मागायची आणि झोपायचं.

उपास मात्र जरा जपून. येशू मत्तय 6 मध्ये 'तुम्ही उपास करता तेव्हा' असं म्हणतो, म्हणजे शिष्य उपास करतील हे त्याने धरलेलंच आहे, पण तोंड उतरवून लोकांना दाखवू नका हेही तिथेच सांगतो. पहिल्यांदा एकच जेवण सोडा, पाणी पीत राहा, आणि त्या जेवणाची वेळ प्रार्थनेला द्या, नाहीतर तो नुसता उपाशी राहण्याचा प्रकार होतो. डायबेटिस असेल, गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, औषधं चालू असतील किंवा खाण्याशी संबंधित त्रास होऊन गेला असेल तर जेवण सोडू नका, त्याऐवजी सोशल मीडिया किंवा सिरीयल सोडा, देवाला ते कमी नाही. भुकेने चिडचिड होते तेव्हा आत काय दडलंय ते वर येतं, ते लपवू नका, तेच प्रार्थनेत आणा. आणि यशया 58 जरूर वाचा, तिथे देव म्हणतो की उपास करून मजुरांना पिळत असाल तर तो मला नको, भुकेल्याला आपली भाकर वाटून द्या. सोडलेल्या जेवणाचे पैसे कोणाला तरी द्या, आणि गुपचूप द्या.

काही आठवडे असे येतील की काहीच जाणवणार नाही, वचन कोरडं वाटेल, प्रार्थना छताला आपटून परत येतेय असं वाटेल. तेव्हा वेळ वाढवू नका आणि बंदही करू नका, एक स्तोत्र आणि प्रभूची प्रार्थना एवढंच करा. झोप नीट होत नसेल तर आधी झोपा, एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उठवून आधी खायला दिलं, तो पुन्हा झोपला, मग पुन्हा खायला दिलं. पण उदासी आठवडेच्या आठवडे हटतच नसेल तर प्रार्थनेसोबत डॉक्टरांनाही दाखवा, त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

आणि एकट्याने करू नका. याकोब आपल्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा म्हणतो, तर मंडळीतला एक भरवशाचा माणूस शोधा, जो ऐकलेलं बाहेर बोलत नाही. बहिणींनी बहिणीला आणि भावांनी भावाला धरावं हे बरं. आठवड्यातून एकदा भेटा किंवा फोन करा, 'किती अध्याय झाले' हे विचारूच नका, विचारा की या आठवड्यात देव तुझ्याशी काय बोलला आणि तू कशापासून पळतोयस. उत्तर ऐकून लगेच सल्ला द्यायचा नाही, तिथेच फोनवर त्याच्यासाठी प्रार्थना करायची.