बस आणि नोकरी : महापालिकेला तरुणांनी सूचना कशी द्यावी

निवेदन द्यायचं, साहेबांसोबत फोटो काढायचा, तो ग्रुपवर टाकायचा आणि घरी यायचं, याला आमच्या भोसरीत ‘सूचना देणं’ म्हणतात. त्यातून बस येत नाही. मी आयटीआयची इलेक्ट्रिशियन, चाकणला पाळीत काम करते. अभ्यासिकेत भेटलेली आम्ही काही मुलंमुली गेली काही वर्षं बस आणि रोजगार या दोनच विषयांवर कागद घेऊन फिरतो. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते. उदाहरणं पुणे-पिंपरी चिंचवडची आहेत. तुमच्या शहरात विभागांची नावं बदलतील, पद्धत बहुतेक हीच राहील.

आधी टेबल शोधा

‘बस महापालिकेची’ असं आपण सहज म्हणतो. पीएमपीएमएल (पुणे महानगर परिवहन महामंडळ) ही २००७ साली पुण्याची पीएमटी आणि पिंपरी चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून झालेली कंपनी आहे. तिची संचलन तूट, म्हणजे बस चालवण्यातला तोटा, दोन्ही महापालिका साधारण ६०:४० अशा वाट्याने भरतात. म्हणजे पैसा महापालिकेत ठरतो, पण गाडी किती वाजता सुटणार हे स्वारगेटच्या मुख्य कार्यालयात आणि आगारात ठरतं. नगरसेवकाला फेरीची वेळ विचारली तर तो फोन लावून देईल. त्यापुढे त्याच्या हातात फारसं काही नसतं.

एका थांब्याचंच बघा. शेड आणि पाटी पीएमपीएमएलची. थांब्यापर्यंतचा पदपथ महापालिकेच्या स्थापत्य विभागाचा, दिवा विद्युत विभागाचा. थांबा दहा पावलं पुढे सरकवायचा तर वाहतूक पोलिसांचं मत लागतं. तिकीटदर वाढवायचे-घटवायचे तर प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची मंजुरी. मेट्रोच्या दोन मार्गिका महामेट्रोकडे, हिंजवडी-शिवाजीनगरची पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). आणि चाकण तर महापालिका हद्दीतच नाही! तिथे नगरपरिषद वेगळी, एमआयडीसीतले रस्ते एमआयडीसीचे.

म्हणून पहिलं काम हे करा : वहीच्या एका पानावर आपली अडचण एका ओळीत लिहा आणि तिच्याखाली ‘यावर सही कोण करतं?’ हा प्रश्न लिहा. उत्तर ठाऊक नसेल तर आगारातल्या किंवा स्टँडवरच्या कंट्रोलरकाकांना विचारा. अख्ख्या साखळीत सगळ्यात जास्त माहिती त्यांनाच असते आणि त्यांना सहसा कुणी काही विचारत नाही. चहा पाजा, पण गर्दीच्या वेळी नको.

एकच मागणी, तीही सही होईल एवढी

‘बससेवा सुधारा’ ही मागणी नव्हे, तक्रारसुद्धा नव्हे. समजा, तुमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांची दुसरी पाळी रात्री ११ ला सुटते आणि वेळापत्रकातली शेवटची गाडी १०.४० ची आहे. इथे ‘नवी बस सुरू करा’ म्हणण्याआधी शेड्युल म्हणजे काय ते समजून घ्या. एक गाडी, तिच्यावर चालक-वाहकाची एक ड्यूटी आणि त्या ड्यूटीत बसवलेल्या फेऱ्या, हे सगळं मिळून एक शेड्युल. नवी फेरी मागितली की किलोमीटर वाढतात, ड्यूटीचे तास वाढतात, ओव्हरटाइम येतो आणि फाइल लेखा विभागात जाऊन बसते. पण ‘१०.४० ची फेरी ११.२० ला करा’ म्हटलं की किलोमीटर तेवढेच राहतात. प्रश्न उरतो तो ड्यूटी उशिरा संपणाऱ्या चालक-वाहकाच्या घरी जाण्याचा. तोही तुम्हीच कागदात मांडा, कारण बैठकीत पहिला आक्षेप तोच निघतो. त्याच ड्यूटीची सुरुवात तेवढीच उशिरा करता येईल का, हे विचारून ठेवा.

अशी मागणी मान्य करायला अधिकाऱ्याला वरची परवानगी कमी लागते. आधी हे मिळवा. मेट्रो स्टेशनपासून एमआयडीसीपर्यंत फीडर बस (मेट्रोला जोडून धावणारी छोट्या पल्ल्याची बस) वगैरे मोठ्या गोष्टी नंतर.

मोजणी

अधिकाऱ्यांकडे तिकीट मशीनचा आकडा असतो. गाडीत कोण चढलं हे त्यातून कळतं, कोण चढू शकलं नाही हे कळत नाही. ती माहिती तुमच्याकडे असू शकते. साहेबांना तुमच्या मतात फारसा रस नसेल, पण या माहितीत नक्की असतो.

जोडीने उभं राहा, एकाने बघायचं आणि एकाने लिहायचं. रकाने एवढेच ठेवा : गाडीचा मार्ग क्रमांक, येण्याची वेळ (मोबाइलच्या घड्याळाप्रमाणे, अंदाजाने नाही), आधीच थांब्यावर असलेली माणसं, चढलेली, मागे राहिलेली, आणि थांबून थांबून शेवटी शेअर रिक्षाने गेलेली. हा शेवटचा रकाना विसरू नका. रिक्षात गेलेला माणूस म्हणजे पीएमपीएमएलचं बुडालेलं तिकीट, आणि वाहतूक व्यवस्थापकाचं लक्ष तिथेच जातं. बायका किती, हे वेगळं लिहा. रात्रीच्या गाडीत बायका कमी दिसतात म्हणून गरज कमी, असा अर्थ कुणीतरी काढतंच. तेव्हा कंपनीच्या गेटवर विचारून घ्यावं की गाडी नाही म्हणून दुसरी पाळी नाकारणाऱ्या किती जणी आहेत. हा आकडा कुठल्याच मशीनमध्ये नसतो.

मोजणी सलग दिवसांची असू द्या. त्यात पगाराचा आठवडा आणि साप्ताहिक सुट्टीचा दिवस दोन्ही येऊ द्या. पिंपरी-भोसरी पट्ट्यात अनेक ठिकाणी सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते, कारण विजेच्या हिशोबाने ती तशी ठरत आली आहे. रविवारी गर्दी बघून चकित होणारे पाहुणे यामुळेच गोंधळतात. पावसाचा एखादा दिवस सापडला तर सोडू नका. आणि जे दिसलं तेच लिहा. गाडी वेळेवर आली तर ‘वेळेवर’ असं लिहायला हात आखडू नका, नाहीतर सगळ्या कागदाची किंमत जाते.

थांब्यावरच्या माणसांचे चेहरे दिसतील असे फोटो, फोन नंबर, कंपनीचं ओळखपत्र यातलं काही गोळा करू नका. कुणाच्या सुपरवायझरच्या हाती ते पडलं तर त्रास त्या माणसाला होतो.

माहिती अधिकार, दीडशे शब्दांत

आपली मोजणी झाली की त्यांची नोंद मागा. महाराष्ट्रातल्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. उत्तर ३० दिवसांत. आलं नाही किंवा पटलं नाही तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील.

अर्जात ‘का’ विचारू नका, ‘का’चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. नोंदीची प्रत मागा : ‘अमुक मार्गावरील अमुक महिन्यातील नियोजित फेऱ्या, प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या आणि रद्द फेऱ्यांची नोंदवलेली कारणे, दिवसनिहाय.’ बास. कारणं नोंदवहीत असतातच : गाडी बंद पडली, चालक आला नाही, वाहतूक कोंडी.

याहून सोपी वाट म्हणजे फाइल समोर बसून बघणं. पुणे महापालिकेने ही सोय आधीच सुरू केली होती. २०१८ मध्ये राज्य सरकारने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी आणि जिल्हास्तरीय कार्यालयांसाठी सोमवारी दुपारी ३ ते ५ ही वेळ ठरवून दिली. मुलांना हे सांगितलं की विश्वास बसत नाही. तुमच्या कार्यालयात ही वेळ अजून पाळतात का ते आधी विचारा, मग जा आणि बसा. थांब्याच्या दिव्याची फाइल कुठल्या टेबलावर थांबली आहे ते टिपणीवरच्या तारखांवरून कळतं.

पत्र

एक पान. वर विषय, खाली मागणी, मग आकडे. आपल्याकडे पत्राची सुरुवात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ने होते आणि मागणी दुसऱ्या पानाच्या तळाशी सापडते. ते उलटं करा :

‘विषय : रात्री १०.४० ची शेवटची फेरी ११.२० ला सोडणेबाबत.
महोदय, या भागातील कंपन्यांची दुसरी पाळी रात्री ११ वाजता सुटते. सोबतच्या तक्त्याप्रमाणे ११ ते ११.३० या वेळेत थांब्यावर सरासरी … प्रवासी येतात व ते खासगी वाहनाने जातात. फेरीची वेळ बदलल्यास किलोमीटर वाढणार नाहीत. महिनाभर प्रायोगिक तत्त्वावर बदल करावा. त्या काळात आम्ही रोज मोजणी करून तक्ता आपल्याला देऊ.’

‘प्रायोगिक तत्त्वावर’ हे शब्द कार्यालयात फार कामाचे आहेत. त्यात कायमची जबाबदारी नसते, त्यामुळे सही करणाऱ्याचा हात मोकळा होतो.

पत्राच्या दोन प्रती न्या. एक आवक विभागात, म्हणजे आलेली पत्रं नोंदवतात तिथे, द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. एका कार्यालयात आम्हाला ‘ठेवून जा, साहेबांना देतो’ असं प्रेमाने सांगितलं गेलं. प्रेमाला नमस्कार करावा आणि शिक्का घेऊनच निघावं. प्रत आगार व्यवस्थापक, वाहतूक व्यवस्थापक आणि महापालिकेच्या संबंधित विभागाला. मुख्यमंत्री, पालकमंत्री, खासदार अशी लांब यादी जोडली की प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी बघेल.

कुठल्या दारातून, केव्हा

लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण तो वैयक्तिक गाऱ्हाण्यांसाठी. ‘सगळ्या कामगारांसाठी फेरी बदला’ हा अर्ज तिथे बसत नाही. पिंपरी चिंचवडमध्ये आठ क्षेत्रीय कार्यालयं आहेत आणि तिथे सोमवारी भरणारी जनसंवाद सभा दिवा, पदपथ, थांब्याजवळचा खड्डा यासाठी चांगली. जाण्याआधी फोन करून तारीख पक्की करा.

पैसे लागणारं काम असेल तर अंदाजपत्रकाचं चक्र पाळावंच लागतं. पुणे महापालिका २००६-०७ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवते, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतात. एका कामाची मर्यादा पाच लाखांच्या आसपास राहिलेली आहे. त्यात बस येत नाही, पण थांब्यापर्यंतचा पदपथ आणि दिवे येतात. अर्ज साधारण पावसाळ्यात आणि त्यानंतर मागवतात. त्यामुळे जूनमध्येच मोजणी संपवून बसा. मार्चमध्ये अंदाजपत्रकाच्या बातम्या वाचून जागे होणाऱ्यांना पुढच्या वर्षीचं तिकीट मिळतं.

रोजगाराचं काय मागायचं

‘नोकऱ्या द्या’ याला महापालिका ‘शासनाकडे पाठवतो’ म्हणते आणि तिचं फारसं चुकत नाही, कारण पदांना मंजुरी राज्याची लागते. पण तीन गोष्टी शहराच्या हातात आहेत.

एक, शिकाऊ उमेदवार. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आणि त्याच्या नियमांप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यायचे असतात. महापालिकेला माहिती अधिकारात विचारा : कुठल्या ट्रेडचे किती घेतले, किती जागा रिकाम्या राहिल्या. पिंपरी चिंचवड महापालिकेचं स्वतःचं आयटीआय मोरवाडीला आहे, मुलींसाठी कासारवाडीला. रिकाम्या जागांची यादी तिथल्या सूचनाफलकावर लावा एवढी मागणीसुद्धा पुरे. खर्च एका कागदाचा.

दोन, निविदा. माझा सगळ्यात आवडता विषय! पुण्यात २०१९ पासून भेकराईनगर आणि निगडी आगारांतून इलेक्ट्रिक बस धावू लागल्या. या गाड्या ठेकेदाराच्या. पैसे किलोमीटरवर, चालक आणि देखभालीची माणसं ठेकेदाराची, वाहक पीएमपीएमएलचा. म्हणजे हाय-व्होल्टेज बॅटरीचं काम शिकलेल्या मुलामुलींना घ्या ही सूचना आगारात देऊन उपयोग नाही, आगार व्यवस्थापक त्यांना नेमत नाहीच. ती सूचना निविदेच्या अटी लिहिल्या जात असताना मुख्य कार्यालयात पोचली पाहिजे : ‘देखभालीतल्या अमुक जागा स्थानिक आयटीआयच्या शिकाऊ उमेदवारांसाठी.’ करार बऱ्याच वर्षांचा असतो, सही झाली की दार बंद. नव्या बस घेण्याची बातमी आली की त्याच आठवड्यात पत्र द्या.

तीन, प्रशिक्षणार्थी. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली : बारावीला महिना ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. अशा योजनांतून सरकारी कार्यालयांत आलेल्या मुलांना बरेचदा झेरॉक्स आणि चहाच्या पलीकडे काम नसतं. त्यांना थांब्यांवरच्या मोजणीला लावा, असं लेखी सुचवा. वर सांगितलेला तक्ताच नमुना म्हणून जोडा. मोजणी शहरालाही हवी असते आणि त्या मुलांच्या हाताला सांगण्यासारखं काम येतं.

रोजगार मेळाव्याची जागा आणि वेळ ठरण्याआधी शेवटच्या बसची वेळ बघा, हेही एका ओळीत लिहायला हरकत नाही.

बैठक

भेट मिळाली तर तिघांनी जा. एकाने बोलायचं, एकीने लिहायचं, तिसऱ्याने तक्ता धरायचा. ज्याला रोज ती बस लागते त्यानेच बोलावं. वक्तृत्व स्पर्धेतला मुलगा नको. साहेब तिकडून ‘शिकताय की नोकरी?’ विचारतील, घरचं गाव विचारतील. उत्तर द्या आणि पुन्हा तक्त्यावर या. ‘बघतो’ म्हणाले तर ‘कधी फोन करू?’ एवढं विचारा आणि तारीख लिहून घ्या. बाहेर पडल्यावर त्याच दिवशी बैठकीत काय ठरलं याचं चार ओळींचं पत्र पाठवा, आवक क्रमांकासह. पुढच्या वेळी खुर्चीत दुसरे साहेब असतील, बदल्या होतच असतात. त्यांना ते पत्रच दाखवायचं असतं.

काम झालं की गल्लीतला कुणीतरी फ्लेक्स लावेल आणि त्यावर तुमचं नाव नसेल. लावू द्या. फक्त फेरीच्या नव्या वेळेवर पुढचा महिनाभर थांब्यावर उभं राहून मोजणी करा. प्रवासी नवी वेळ कळेपर्यंत येत नाहीत आणि पहिल्या पंधरवड्यात गाडी रिकामी दिसली तर फेरी पुन्हा जुन्या वेळेवर जाते. कंपन्यांच्या गेटवर वेळेची चिठ्ठी चिकटवायचं काम तुमचंच, त्यासाठी सुरक्षारक्षकाची परवानगी आधी घ्या.