व्हॅलेटा बघायचं कसं: लांबीत नको, रुंदीत चाला

माल्टाला जाणारी आपली मंडळी त्याच्या राजधानीला, व्हॅलेटाला, जेमतेम अर्धा दिवस देतात. बसमधून उतरायचं, गेटमधून आत, रिपब्लिक स्ट्रीटने नाकासमोर टोकापर्यंत, मधे एक चर्च, एक कॉफी, तोफ वाजली की व्हिडिओ, झालं. वेळ कमी दिला म्हणून माझी तक्रार नाही, गाव मुळात एवढंसं आहे, एक चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही, गेटपासून सेंट एल्मोच्या किल्ल्यापर्यंत रमतगमत गेलात तरी वीसेक मिनिटं. तक्रार रस्त्याबद्दल आहे. रिपब्लिक स्ट्रीट हा या गावातला सगळ्यात कमी सांगणारा रस्ता आहे, आणि सगळे नेमके त्याच्यावरूनच जातात येतात.

का ते कळायला थोडा इतिहास लागेल, पटकन सांगतो. १५६५ ला ऑटोमन तुर्कांनी माल्टाला वेढा घातला, तो जवळजवळ चार महिने चालला, सेंट जॉनचे नाइट्स, म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणारा ख्रिस्ती लढवय्यांचा पंथ, आणि माल्टी लोक यांनी तो कसाबसा परतवला. पुढच्याच वर्षी, २८ मार्च १५६६ ला, नाइट्सचा प्रमुख, ग्रँडमास्टर ला व्हालेटने समोरच्या उघड्या डोंगरावर नव्या शहराचा पाया घातला. पोपने लापारेल्ली नावाचा आपला इंजिनियर पाठवला होता, त्याने कागदावर सरळ काटकोनातलं शहर आखलं, आणि प्लॅन असा होता की आधी डोंगराचा माथा छाटून सपाट करायचा आणि मग त्यावर रस्ते टाकायचे. पण तुर्क कधीही परत येतील ही धास्ती, पैसा आणि वेळ दोन्हीची मारामार, त्यामुळे छाटायचं काम अर्धवट राहिलं आणि कागदावरच्या सरळ रेघा तशाच्या तशा चढउतारावर टाकल्या गेल्या. जिथे उतार झेपेना तिथे पायऱ्या. लापारेल्ली १५७० मध्ये क्रीटला वारला, पुढचं बरंचसं शहर त्याच्या हाताखालच्या जिरोलामो कासार या माल्टी माणसाने उभं केलं.

तर रिपब्लिक स्ट्रीट जातो डोंगराच्या कण्यावरून, तिथे फार चढउतार जाणवतच नाही. तुम्ही आडव्या गल्लीत वळलात की दोन्ही टोकांना समुद्र दिसतो, एकीकडे ग्रँड हार्बर, दुसरीकडे मार्सामशेट ही बंदरं, आणि पायाखाली तो न छाटलेला डोंगर. म्हणून आडवं चाला.

निघायच्या आधी दोनच गोष्टी. बूट रबरी सोलचे घाला, इथल्या रस्त्यांचा आणि पायऱ्यांचा दगड पावलांनी घासून गुळगुळीत झालेला असतो, पावसाच्या सरीनंतर तर विचारू नका. आणि जून ते सप्टेंबर असेल तर सकाळी लवकर सुरू करा, अरुंद गल्ल्यांना एका बाजूला सावली असते ती पकडून चालायचं, दुपारी ती पण राहत नाही. शेंगेन व्हिसा लागतो हे माहीत असेलच.

सुरुवात ट्रायटन फाउंटनपासून करा, बस टर्मिनस तिथेच आहे. १९५९ चं कारंजं, व्हिन्सेंट आपापचं, तीन ब्राँझचे धिप्पाड जलपुरुष भलीमोठी थाळी धरून बसलेत. तिथून पुलावर या पण लगेच आत घुसू नका, कठड्यावरून खाली खंदक बघा. तो खोदलेला नाही तर अख्ख्या खडकातून कापून काढलाय, आणि त्यातून निघालेला दगड वर तटबंदीला लागला. म्हणजे खड्डा आणि भिंत एकाच कामात. हीच ट्रिक पुढे घराघरात दिसेल.

गेट म्हणावं असं गेट आता नाहीच, तटाला पाडलेली उभी खाच आहे फक्त. इटालियन आर्किटेक्ट रेन्झो पियानोचं काम. त्याच प्रोजेक्टमधली आत उजवीकडची पार्लमेंटची बिल्डिंग, २०१५ ला पूर्ण झाली, स्थानिक लोकांनी तिला किसणी म्हणून हिणवलं आणि दिसते खरंच तशी. पण जवळ जाऊन दगड बघा, प्रत्येक ठोकळा ऊन किती आणि कुठून येतं त्या हिशोबाने मशीनवर कोरलाय, सावली पडावी पण उजेड आत यावा असा. मला ती आवडते, भांडायला तयार आहे. तिच्या पलीकडे जुन्या ऑपेरा हाउसचे खांब उभे आहेत. १८६६ ला बांधलं, १८७३ ला आतून जळलं, परत उभं केलं आणि ७ एप्रिल १९४२ ला बॉम्बने गेलं. मग पुढची कितीतरी दशकं परत बांधायचं का, कसं, यावर नुसता वाद. पियानोने ते अवशेष तसेच ठेवून त्यात उघडं थिएटर बसवलं. ज्यांना ऑपेरा हाउस जसंच्या तसं परत हवं होतं ते अजून नाराज आहेत.

आता सगळे सरळ जातात, तुम्ही डावीकडे वळा. तटावर हेस्टिंग्ज गार्डन्स नावाची बाग आहे, बऱ्यापैकी रिकामी असते, आणि मराठी माणसाने ती चुकवू नये. हे हेस्टिंग्ज म्हणजे वॉरन नव्हे, मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज, १८१३ ते १८२३ हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल, ज्याच्या काळात तिसरं इंग्रज-मराठा युद्ध झालं आणि १८१८ ला पेशवाई बुडाली. दुसऱ्या बाजीरावाला बिठूरला पाठवणारा हा माणूस नंतर १८२४ ला माल्टाचा गव्हर्नर झाला, १८२६ मध्ये नेपल्सजवळ जहाजावर मेला आणि इथे या बुरुजावर पुरला गेला. मरताना सांगून गेला म्हणे की माझा उजवा हात कापून ठेवा आणि बायको गेली की तिच्यासोबत पुरा, आणि तसं केलंही. शनिवारवाड्यावरचं निशाण उतरलं ते ज्याच्या कारकिर्दीत, तो भूमध्य समुद्रातल्या एका बागेत झोपलाय हे तिथल्या बाकावर बसून चार मिनिटं पचवायला लागतं. बागेतून मार्सामशेटचा व्ह्यू पण झकास आहे.

मग पुन्हा गावात या आणि घरं बघायला लागा. इथे एक लक्षात ठेवा, व्हॅलेटा हे नियमांनी बांधलेलं गाव आहे. नाइट्सचं घरबांधणीवर लक्ष ठेवणारं खातंच होतं, त्याचे नियम असे की प्रत्येक घराला पावसाच्या पाण्याची टाकी हवी, सांडपाणी भुयारी गटाराला जोडलेलं हवं, दाराची पायरी रस्त्यात आलेली चालणार नाही, आणि कोपऱ्याचं घर असेल तर कोपरा सजवायचा. सोळाव्या शतकात! टाकीसाठी घराखालचा खडक कापायचा आणि तोच दगड वर भिंतीला वापरायचा, खंदकासारखंच.

म्हणून चौक आला की थांबून मान वर करा. एखाद्या कोपऱ्यावर नक्षीचा खांब, एखाद्यावर कोनाडा आणि त्यात संतांची दगडी मूर्ती, बऱ्याचदा शेजारी दिवा. आता खाली बघा, भिंतीचा तळाचा थर. हा मधासारखा पिवळट दगड म्हणजे ग्लोबिजेरिना लाइमस्टोन, इतका मऊ की करवतीने कापता येतो, आणि त्यामुळेच समुद्राची खारी हवा त्याला खाते. तळाच्या थरात खोलगट खळगे पडलेले दिसतील, बोट फिरवलं तर पीठ सुटतं. मधेच एखादा ठोकळा एकदम कोरा आणि धारदार कडांचा दिसला तर तो दुरुस्तीत बदललेला. दुसरा, कडक करड्या रंगाचा कोरॅलाइन दगड जिथे वापरलाय, तिथे मात्र एवढं काही होत नाही.

लाकडी बंद बाल्कन्या, ज्यांना इथे गल्लारिया म्हणतात, त्यांचे फोटो सगळेच काढतात, हिरव्या, लाल, निळ्या. समोरून काढण्यापेक्षा खाली उभं राहून बघा, दगडी ब्रॅकेटवर लाकडाची खोली टेकवलेली आहे, भिंतीतून अलगद बाहेर आलेली, आत बसून रस्ता दोन्ही बाजूंनी दिसतो पण रस्त्यावरच्याला आतलं माणूस दिसत नाही. सगळ्यात लांब ग्रँडमास्टरच्या पॅलेसला आहे, ओल्ड थिएटर स्ट्रीटच्या कोपऱ्याला वळसा घालून गेलेली. पूर्वी अशा बाल्कन्यांमधून दोरीला टोपली बांधून खाली सोडायचे, पाववाला त्यात पाव टाकायचा. दारांवर पितळी डॉल्फिनच्या कड्या शोधा, वाजवू नका, लोक राहतात आत.

सेंट जॉन्स को-कॅथेड्रलबद्दल सगळीकडे इतकं लिहिलंय की मी एवढंच सांगेन, बाहेरून कासारने केलेली ती रुक्ष किल्ल्यासारखी भिंत आधी नीट बघून घ्या आणि मगच आत जा, कारण आत मात्तिया प्रेती या चित्रकाराने छतभर रंगवलंय आणि जमिनीवर जवळपास चारशे नाइट्सच्या संगमरवरी थडग्यांची रंगीत फरसबंदी आहे, तो धक्का पूर्ण बसला पाहिजे. काराव्हाज्जोचं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं १६०८ चं चित्र तिथेच आहे, त्याने सही केलेलं एकमेव, आणि सही रक्ताच्या ओघळात. खांदे झाकलेले हवेत, टोकदार टाचांना मनाई, रविवारी पर्यटकांसाठी बंद.

पुढे दोन चौक लागतात. पहिल्यात लायब्ररीसमोर राणी व्हिक्टोरिया बसली आहे, अंगावर माल्टी लेसची शाल, आणि भोवती कॅफेच्या छत्र्यांची इतकी गर्दी की राणीला बाहेर पडायचं म्हटलं तरी वाट नाही. इथल्या लोकांचं हेच दुखणं आहे, चौक सार्वजनिक पण बसायला कॉफी विकत घ्यावी लागते. दुसरा सेंट जॉर्जेस स्क्वेअर, पॅलेससमोरचा. इथे पूर्वी गाड्या लागायच्या, आता जमिनीतून कारंजी उडतात आणि पोरं ओली होतात, संध्याकाळी इथेच बसा, फुकट आहे. समोरच्या मेन गार्डच्या, म्हणजे जुन्या पहाऱ्याच्या इमारतीच्या, दारावर लॅटिन लेख आहे, १८१४ चा, भावार्थ असा की माल्टी लोकांच्या प्रेमाने आणि युरोपच्या आवाजाने ही बेटं थोर, अजिंक्य ब्रिटनकडे आली. ही प्रेमाची भाषा आपल्याला नवीन नाही. ७ जून १९१९ ला याच गावात ब्रिटिश सैनिकांनी महागाईने चिडलेल्या जमावावर गोळ्या झाडल्या आणि त्या दंगलीत एकूण चार माणसं गेली, जालियनवाला बागेनंतर दोनच महिन्यांनी.

आता खरं आडवं चालणं. चौकातून ओल्ड थिएटर स्ट्रीटने मार्सामशेटच्या बाजूला उतरा, वाटेत १७३१ चं मानोएल थिएटर, मग कार्मेलाइट चर्चचा प्रचंड घुमट, तो जुना वाटतो पण महायुद्धानंतरचा आहे. याच उताराच्या अंगाला मांद्राज नावाचा भाग, तिथे नाइट्सना गावाच्या पोटात जहाजांसाठी छोटं बंदर खोदायचं होतं, ते अर्धवट सोडलं, खड्ड्यात गरिबांची दाटीवाटीची वस्ती झाली आणि महायुद्धानंतर ती पाडून सरकारी इमारती आल्या. टुरिस्ट येत नाहीत, दोरीवर कपडे वाळत असतात. सुंदर वगैरे नाही, पण नाइट्सचा आराखडा कुठे फसला ते इथे दिसतं.

परत वर चढा, धाप लागेल. कणा ओलांडून सेंट लुशिया स्ट्रीटने पलीकडे उतरा आणि सेंट उर्सुला स्ट्रीटला उजवीकडे वळा, गावातल्या सगळ्यात देखण्या पायऱ्या याच, आणि त्या चढत गेलात की अपर बराक्का गार्डन्सच्या जवळ निघता. ही बाग १६६१ ची, इटालियन नाइट्सची खाजगी, कमानींवर तेव्हा छप्पर होतं, सर्वसामान्यांना नंतर खुली झाली. दुपारी बारा आणि चारला खालच्या बॅटरीवरून, म्हणजे तोफांच्या ओट्यावरून, तोफ उडते. बाराला तोबा गर्दी, जमलं तर चार गाठा.

तिथूनच ५८ मीटरच्या लिफ्टने खाली जा आणि फेरीने किंवा डायसा या छोट्या होडीने पलीकडे थ्री सिटीजला, म्हणजे बंदरापलीकडच्या तीन जुन्या गावांना. हे कृपया टाळू नका, कारण तटबंदी आत राहून कधीच दिसत नाही. त्यातल्या सेंगलियाच्या टोकाला एक दगडी टेहळणी बुरूज आहे, त्यावर मोठा डोळा आणि कान कोरलेत, पहारेकऱ्याचं काम काय ते सांगायला. त्याच्याशेजारून समोर बघितलंत की व्हॅलेटाची पूर्ण भिंत, तिच्यावरच्या बराक्काच्या कमानी आणि मधली लिफ्ट एका नजरेत येते, सकाळपासून कुठून कुठे चढलात उतरलात ते बोटाने दाखवता येतं. शेवटची फेरी हिवाळ्यात लवकर सुटते, जातानाच धक्क्यावरचं टाइमटेबल बघून ठेवा, नाहीतर बंदराला वळसा घालून बसने यायला लागेल.