कामाच्या जागी उष्णता आणि थंडीपासून कामगारांना कसे जपावे

उष्माघात होताना आणि शरीर गारठताना डोके आधी मंदावते. ज्याला त्रास होतोय त्यालाच तो नीट कळत नाही. "मी ठीक आहे, एवढं संपवतो" म्हणणारा माणूस थोड्याच वेळात कोसळू शकतो. त्यामुळे "त्रास झाला तर सांगा" एवढ्या सूचनेवर विसंबणे धोक्याचे आहे. पाणी कधी प्यायचे, केव्हा बसायचे आणि काम कधी बंद करायचे, हे मुकादमाने किंवा सुपरवायझरने आकडे आणि घड्याळ पाहून ठरवायला हवे. पुढची सगळी कामे त्याची आहेत.

आधी मोजा

सावलीतला थर्मामीटर अर्धीच माहिती देतो. कामाच्या जागेसाठी डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर) हा उष्णतेचा निर्देशांक वापरतात. त्यात ओल्या वातीचा थर्मामीटर, काळ्या गोळ्यातला थर्मामीटर आणि साधा थर्मामीटर यांचे आकडे एकत्र येतात. उघड्यावर त्यांचा वाटा अनुक्रमे ७०, २० आणि १० टक्के असतो. ओल्या वातीला एवढे वजन मिळते, कारण शरीर मुख्यतः घाम सुकवून थंड होते आणि दमट हवेत घाम नुसता ओघळतो. म्हणूनच ३४ अंशांचा दमट दिवस ४० अंशांच्या कोरड्या दिवसापेक्षा जड जाऊ शकतो.

मीटर ऑफिसच्या दारात ठेवू नका. माणूस जिथे राबतोय तिथे, छातीच्या उंचीवर धरा. भट्टी, स्लॅब किंवा पत्र्याचे छप्पर यांच्याजवळचा आकडा चार पावलांवर बदलतो. १५ सेंटीमीटरचा मोठा काळा गोळा स्थिरावायला वीसेक मिनिटे लागतात, घाईत घेतलेली नोंद फसवी निघते. वात स्वच्छ आणि ओली राहील हे पाहा.

आयएसओ ७२४३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मध्यम कष्टाच्या कामाला उन्हाची सवय झालेल्या माणसासाठी २८ अंश आणि सवय नसलेल्यासाठी २६ अंश डब्ल्यूबीजीटी ही संदर्भ-मर्यादा आहे. खोदकाम, ओझी वाहणे अशा जड कामाला ती २६ आणि २३ पर्यंत उतरते. आकडा त्यावर गेला की विश्रांती वाढवा, काम पहाटे किंवा संध्याकाळी हलवा, नाहीतर ओझे यंत्रावर टाका.

कपड्यांचा हिशेब बहुतेक ठिकाणी राहूनच जातो. वरील मर्यादा साध्या कामाच्या कपड्यांसाठी आहेत. वाफ बाहेर न सोडणारा, डोके झाकणारा अंगभर सूट असेल, तर मोजलेल्या आकड्यात ११ अंश मिळवायचे. म्हणजे मीटर २२ दाखवत असला तरी त्या सुटातल्या माणसासाठी तो ३३ झाला. फवारणी, रसायनांची साफसफाई, ॲस्बेस्टॉस काढणे अशा कामांत आल्हाददायक हवेतही माणसे कोसळतात, ती यामुळेच.

नव्या माणसाला आठवडाभर सांभाळा

सर्वांत जास्त धोका पहिल्या काही दिवसांत असतो. सवय झालेल्या शरीराला घाम लवकर सुटतो, जास्त येतो, त्यातून मीठ कमी जाते आणि हृदयाची धावपळ कमी होते. हे व्हायला ७ ते १४ दिवस लागतात, आणि तेही उष्णतेत प्रत्यक्ष काम केल्यावरच.

नव्या कामगाराला पहिल्या दिवशी उन्हातले काम नेहमीच्या २० टक्केच द्या आणि रोज २० टक्क्यांनी वाढवत न्या. जुना अनुभवी माणूस आठवडाभराची किंवा मोठी सुटी घेऊन परतला, तर त्याला ५०, ६०, ८० आणि चौथ्या दिवशी १०० टक्के. अचानक उष्णतेची लाट आली की सगळेच नवे, असे धरून चाला. प्रत्यक्षात उलटे घडते: नव्याच्या वाट्याला सर्वांत जड काम येते आणि तो स्वतःला सिद्ध करायला न थांबता राबतो. उक्त्या कामात तर प्रत्येक विश्रांती त्याच्या खिशातून जाते. विश्रांतीचे पैसे मिळणार नसतील तर ती कुणी घेणार नाही, हे गृहीत धरा.

पाणी आणि सावली

दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, साधारण २४० मिलिलिटर. तहान लागण्याची वाट पाहू नये. दहा जणांच्या टोळीला आठ तासांसाठी जवळपास ८० लिटर थंड पाणी लागते, ते कामाच्या अगदी जवळ हवे. मात्र तासाला दीड लिटरच्या वर कुणी पिऊ नये. रक्तातले सोडियम घसरले तर तेही जिवावर बेतते. दोन तासांहून जास्त वेळ घाम गळत असेल तर ओआरएससारखे क्षारयुक्त पेय द्या. मिठाच्या गोळ्या नकोत, वेळेवर जेवण हवे.

आणि शौचालय. ते जवळ नसेल तर बायका दिवसभर पाणी पिणेच टाळतात. पाण्याच्या पिंपाइतकेच तेही उष्णतेपासूनचे संरक्षण आहे.

विश्रांती सावलीत, वारा खेळत असेल तिथे, हेल्मेट आणि जाड कपडे उतरवून. बंद गाडीत बसणे ही विश्रांती नव्हे. हवा ३५ अंशांच्या वर गेली की नुसता पंखा गरम हवाच अंगावर टाकतो, तेव्हा अंग आणि कपडे ओले करून पंख्यासमोर बसवा. रक्तदाब, ॲलर्जी, मानसिक आजार यांवरच्या काही औषधांनी उष्णता सोसण्याची ताकद घटते, त्यांच्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारायला सांगा.

उष्माघात झाला तर

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, पायात गोळे: काम थांबवा, सावलीत न्या, पाणी द्या, एकटे सोडू नका. पण बोलणे अडखळले, माणूस गोंधळला, चिडचिडला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. अंग कोरडे पडायची वाट पाहू नका. कष्टाच्या कामात झालेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलेही असते.

१. एकाने ॲम्ब्युलन्स बोलवा, दुसऱ्याने रस्ता दाखवायला फाटकावर उभे राहा.
२. बाकीच्यांनी त्याच क्षणी थंड करायला घ्या. जड कपडे, बूट काढा. टब किंवा ताडपत्रीच्या खोळीत बर्फाचे पाणी करून मानेपर्यंत बुडवा, डोके धरून ठेवा.
३. तेवढी सोय नसेल तर पाणी ओतत राहा, वारा घाला, मान, काखा आणि जांघांत बर्फाचे ओले फडके ठेवून सारखे बदला.
४. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते.

आधी थंड करा, मग हलवा. शरीर ४० अंशांच्या वर जितका वेळ राहील, तितका मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडांना मार बसतो.

थंडीत: वारा आणि ओल

उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखे असते. ओल त्याहून वाईट. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता खेचते. भिजलेल्या पायांना तर १५ अंशांतही इजा होते.

कपडे तीन थरांत: आत लोकर किंवा सिंथेटिक, मध्ये उबदार थर, बाहेर वारा-पाणी अडवणारे जाकीट. आतला थर सुती नको, तो घाम धरून ठेवतो. जड काम सुरू होण्याआधीच एक थर काढायला लावा, नाहीतर घामाने भिजलेला माणूस विश्रांतीत काकडतो. कोरडे मोजे आणि हातमोजे जादा ठेवा. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर रक्त कमी पोचते आणि पाय अधिकच गारठतात.

उणे १ अंशाखाली धातूच्या मुठींवर आवरण चढवा. उणे ७ खाली उघडा हात थंड धातूला लागू देऊ नका. ऊब घ्यायची खोली जवळ हवी, पण बंद जागेत इंधनाची शेगडी किंवा जनरेटर नको, कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो.

हात चाचपडणे, अडखळणे, पुटपुटणे, तिरसट होणे ही शरीर गारठल्याची चिन्हे आहेत. हुडहुडी थांबली आणि माणूस अजून थंडच असेल, तर ती सुधारणा नसून शरीर हरत चालल्याची खूण आहे. त्याला आडवे ठेवून हळुवार हाताळा, कारण धसमुसळेपणाने हृदयाची लय बिघडू शकते. ओले कपडे काढा, खालीही घोंगडी घाला, आधी छाती-पोट गरम करा. पूर्ण शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय द्या. दारू अजिबात नको. तिने कातडीकडे रक्त वळते आणि आतली ऊब निघून जाते.

हिमदंशाने पांढरा, कडक, बधिर झालेला भाग चोळू नका, शेगडीवर शेकू नका. डॉक्टर दूर असतील तर तो ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवून वितळवतात. मात्र पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर सुरक्षित जागी पोचेपर्यंत वितळवूच नका. दुसऱ्यांदा गोठलेल्या बोटांचे नुकसान पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त होते.