बकऱ्याच्या भिंगाची पारदर्शकता छायाचित्रातून मोजताना
बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत मोतीबिंदूवरचे औषध डोळ्यातून काढलेल्या भिंगावर तपासायचे असेल, तर बकऱ्याचे डोळे मिळवणे अवघड नाही. खाटकाशी आदल्या दिवशी बोलून ठेवावे आणि पहाटेच डोळे आणावेत. ते बर्फाच्या पेटीत आणावेत, मात्र बर्फाला थेट टेकू देऊ नयेत, कारण थंडीने कोवळ्या जनावराच्या भिंगातील गॅमा क्रिस्टलिन प्रथिने एकत्र येऊन मध्यभाग पांढरा पडतो आणि ऊब मिळताच तो पुन्हा निवळतो. डिसेंबरातल्या एका गारठ्याच्या सकाळी अशी चांगली भिंगे आम्ही खराब समजून टाकून दिली होती. तेव्हापासून भिंग ३७ अंश सेल्सिअसच्या पोषक द्रावणात तासभर ठेवल्याखेरीज मी पहिले छायाचित्र घेत नाही.

डोळा मागच्या बाजूने कापून काचद्रव, म्हणजे भिंगामागचा जेलीसारखा पारदर्शक पदार्थ, दूर करावा आणि भिंगाला धरून ठेवणारे तंतू बारीक कात्रीने सोडवावेत. भिंग चिमट्याने कधीही धरू नये. आवरणाला ओरखडा गेला की आत पाणी शिरते आणि तो डाग मोतीबिंदूसारखाच दिसतो. द्रावणात ग्लुकोज सामान्यतः ५.५ मिलिमोलर (लिटरमागे मिलिमोल) असते, तर मोतीबिंदू घडवण्यासाठी ते ५५ मिलिमोलर ठेवतात.

पहिले छायाचित्र जाळीवरचे. पारदर्शक बशीखाली आलेखकागद ठेवून भिंगातून किती रेषा स्पष्ट दिसतात ते मोजावे. भिंग स्वतःच प्रतिमा मोठी करते आणि कडेला रेषा वाकवते, म्हणून भिंग व कागद यांतील अंतर बदलू नये आणि मोजणी मध्यभागातच करावी.

जाळीने धूसरपणाची सुरुवात नीट पकडता येत नाही; त्यासाठी काळ्या पार्श्वभूमीवर बाजूने प्रकाश टाकून दुसरे छायाचित्र घ्यावे. स्वच्छ भिंग काळे दिसते आणि विखुरलेला प्रकाश पांढरा उमटतो. खोली अंधारी करावी, कॅमेऱ्याचे स्वयंचलित समायोजन बंद ठेवावे, चित्र टिफ स्वरूपात जतन करावे. इमेजजे या मोफत संगणकप्रणालीत प्रत्येक भिंगावर त्याच आकाराचे वर्तुळ काढून उजळपणाची सरासरी घ्यावी आणि त्यातून रिकाम्या द्रावणाची सरासरी वजा करावी. आठ बिटांच्या चित्रात पिक्सेल २५५ या कमाल उजळपणाला टेकले असतील, तर प्रकाश कमी करून सर्वच भिंगांची चित्रे पुन्हा घ्यावीत.

बश्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक असावेत आणि रेषा मोजणाऱ्याला कोणत्या बशीत औषध आहे हे ठाऊक नसावे.