फ्लू-कोविडच्या तापात मेंदूकडे लक्ष कसं ठेवावं

घरात कुणाला ताप-खोकला आला की आपण थर्मामीटर लावतो, छाती भरली आहे का ते पाहतो. मेंदूचा विचार सहसा होत नाही. श्वसनमार्गाच्या विषाणूंमुळे मेंदूला किंवा नसांना गंभीर इजा होणं विरळच, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण ती होते तेव्हा काही तासांतही वाढू शकते, आणि तिची पहिली खूण डॉक्टरांच्या आधी घरच्यांना दिसते.

फ्लूचा विषाणू बहुतेक वेळा मेंदूत शिरतही नाही. इजा होते ती शरीराच्या अतिरेकी प्रतिकारामुळे. रक्तात दाह वाढवणारे पदार्थ उसळतात, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि सूज येते. कोविडमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचाही धोका असतो. म्हणून ताप किती चढला, एवढ्यावरून मेंदूचा धोका मोजता येत नाही.

१. आधी औषधांचा डबा तपासा

फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलाला ॲस्पिरिन देऊ नका. यकृत आणि मेंदूवर एकदम आघात करणारा राय सिंड्रोम १९६३ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला. अमेरिकेत १९७९-८० मध्ये त्याचे ५५५ रुग्ण नोंदवले गेले होते. ॲस्पिरिनशी असलेला संबंध लक्षात आल्यावर पालकांना सावध केलं गेलं आणि आजार जवळपास नाहीसा झाला. सर्दी-तापाच्या एकत्रित गोळ्यांवरची बारीक अक्षरंही वाचा. तापासाठी पॅरासिटामॉल वजनाच्या हिशेबाने, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे द्या. दुसऱ्या आजारासाठी मुलाला ॲस्पिरिन आधीच चालू असेल तर ते मनाने बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

२. माणूस नेहमीसारखा आहे का, ते पाहा

माझ्या मते घरातली सगळ्यात मोलाची तपासणी हीच. तापाने कुणीही मलूल होतं. खरी परीक्षा ताप उतरल्यावर. औषधाने ताप खाली आला की मूल डोळ्याला डोळा देतं का, आईला ओळखतं का, थोडं खेळतं का, पाणी मागतं का? ताप उतरूनही ते गुंगीत असेल, हाक मारल्यावर उठत नसेल, भलतंच बरळत असेल किंवा तिथे नसलेली माणसं पाहत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. फ्लूनंतर क्वचित मेंदूच्या खोल भागात दोन्ही बाजूंना सूज येऊन तिथल्या पेशी मरतात. जपानी डॉक्टरांनी १९९५ मध्ये हा आजार वेगळा म्हणून मांडला. यात ताप आल्यापासून एक ते तीन दिवसांत मूल बेशुद्धीकडे जाऊ शकतं.

वयस्कर माणसांचं गणित वेगळं आहे. त्यांना कधी कधी ताप येतच नाही, खोकलाही नसतो. आजोबा अचानक वेळ-काळ विसरतात, रात्री उठून कपडे शोधतात, किंवा नुसतेच गप्प पडून राहतात. गप्प माणूस त्रास देत नाही, म्हणून ‘वय झालं’ असं म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. दोन दिवसांत झालेला बदल वयामुळे नसतो. सकाळ-संध्याकाळ आज वार कोणता, आपण कुठे आहोत, असं साधं विचारा आणि उत्तर वेळेसकट लिहून ठेवा.

३. आकडी आली तर

सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी दर शंभरात दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. दृश्य भयंकर असतं, पण बहुतेक आकड्या पाच मिनिटांच्या आत थांबतात आणि मेंदूला कायमची इजा करत नाहीत.

आधी घड्याळ पाहा. मुलाला जमिनीवर एका कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. शक्य असेल तर दुसऱ्या कुणी मोबाइलवर चित्रण करावं. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. चोवीस तासांत पुन्हा आकडी आली, झटके शरीराच्या एकाच बाजूला आले, नंतर तासाभरात मूल पूर्ण शुद्धीवर आलं नाही, किंवा वय वर सांगितलेल्या मर्यादेबाहेर असेल, तरी तातडीने रुग्णालय गाठा. पहिलीच आकडी असेल तर ती थांबली तरी मुलाला त्याच दिवशी दाखवा.

४. या खुणांना थांबणं नाही

तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात खाली पडणं, जीभ अडखळणं हा पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ सांगा. मान ताठ होणं, उजेड सहन न होणं, डोकेदुखीसोबत वारंवार उलट्या होणं, दाबूनही न पुसट होणारे जांभळट डाग हीही तातडीचीच लक्षणं.

रुग्णालयात सीटी किंवा एमआरआय करतील, कदाचित पाठीतलं पाणी काढून तपासायला सांगतील. त्या नावाने अनेक घरं घाबरतात आणि नकार देतात. सुई पाठीच्या मज्जारज्जूच्या खाली घातली जाते, आणि मेंदूज्वराचं निदान त्या पाण्यातूनच पक्कं होतं. कृपया अडवू नका, शंका डॉक्टरांनाच विचारा.

५. ताप गेल्यावरही महिनाभर लक्ष ठेवा

कोविडनंतर वास जातो तो बहुधा नाकातल्या आधारपेशींना इजा झाल्यामुळे, आणि बहुतेकांचा परत येतो. तोवर गॅसची गळती घरातल्या दुसऱ्या कुणालातरी तपासायला सांगा. विसराळूपणा, लक्ष न लागणं आठवडेच्या आठवडे टिकलं तर त्याला आळस न म्हणता डॉक्टरांना दाखवा.

सगळ्यात जास्त सावध राहायचं ते जीबीएसबाबत, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोमबाबत. संसर्ग बरा झाल्यावर एक ते चार आठवड्यांनी प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. पायांना मुंग्या येतात, जिना चढता येत नाही, अशक्तपणा पायांकडून हातांकडे सरकतो. पुढे तो श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचू शकतो. इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं शिरेतून देणं) किंवा रक्तातील प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा द्रव भाग, बदलणं हे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत अधिक उपयोगी पडतात. म्हणून बरा झालेला माणूस खुर्चीतून उठताना हाताचा आधार घेऊ लागला, तर त्याच दिवशी मेंदूविकारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्या. गिळताना ठसका लागत असेल किंवा एका दमात वाक्य पूर्ण होत नसेल, तर घरच्या गाडीऐवजी रुग्णवाहिकाच बोलवा.